आम्ल वर का येते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पचनाच्या तक्रारींविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत छातीतील जळजळ, आंबट ढेकर आणि घशाशी येणारे पाणी यांविषयीची पत्रे इतकी होती की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४२ असून मी डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीसाठी जातो. घरी परतायला साडेनऊ होतात, दहाच्या सुमारास जेवण होते आणि अकरापर्यंत मी झोपतो. गेले वर्षभर आठवड्यातून तीन-चार रात्री छातीच्या मध्यभागी जळजळ होऊन जाग येते आणि तोंडात आंबट-कडू पाणी येते. मिरची, लोणचे, चहा सारे बंद करून पाहिले, तरी फरक पडला नाही. माझ्या पोटात आम्ल जास्त तयार होते का? ते किती तयार होते हे मोजता येते का?

उत्तर : आपल्यासारखा त्रास असणाऱ्या बहुसंख्य रुग्णांच्या जठरात आम्ल इतरांइतकेच तयार होते. हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण गोळ्यांच्या जाहिरातींपासून शेजाऱ्यांच्या सल्ल्यापर्यंत सगळीकडे 'आम्ल वाढले' हेच ऐकू येते. निरोगी माणसाचे जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर जठररस तयार करते आणि उपाशीपोटी त्याचा पीएच दीड ते साडेतीनच्या दरम्यान, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी असतो. तो तसा असावाच लागतो. प्रथिनांचे पचन त्याच्यावाचून नीट सुरू होत नाही आणि अन्नाबरोबर पोटात गेलेले बरेचसे जंतू त्याच्यामुळेच मरतात. जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्या थराखाली आम्लाला निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट सतत पाझरत असते, म्हणून जठराला स्वतःच्या आम्लाचा त्रास होत नाही. अन्ननलिकेला हे संरक्षण जवळपास नाहीच. जे आम्ल जठरात निमूटपणे आपले काम करते, तेच दोन बोटे वर सरकले की जळजळ होते. गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक बेसुमार स्रवणाऱ्या गाठीमुळे आम्ल खरोखरच अफाट वाढते, पण हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि तशी शंका असल्याखेरीज आम्लाचे उत्पादन मोजण्याची गरज पडत नाही.

तेव्हा शोध घ्यायचा तो आम्ल वर का येते याचा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे साधारण तीन ते चार सेंटीमीटर लांबीचा स्नायूंचा एक पट्टा असतो. त्याला झडप म्हणण्याची पद्धत आहे आणि सोयीसाठी मीही तोच शब्द वापरणार आहे, मात्र दाराच्या पाखीसारखे तिथे काही नसते. तो स्नायू एरवी आवळलेला असतो, घास गिळला की काही सेकंद सैल पडतो आणि पुन्हा आवळतो. छाती आणि पोट यांना वेगळे करणाऱ्या श्वासपटलातील छिद्रातून अन्ननलिका खाली उतरते, आणि त्या छिद्राभोवतीचे श्वासपटलाचे तंतू बाहेरून त्याच जागी पकड देतात. खोकताना, वाकताना किंवा ओझे उचलताना पोटातील दाब अचानक वाढतो, त्या क्षणी ही बाहेरची पकड विशेष उपयोगी पडते.

ही झडप कायमची सैल झाल्यामुळे आम्ल वर येते, अशी पूर्वी समजूत होती. काही रुग्णांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु १९८० साली जॉन डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या अन्ननलिकेतील दाब तासन्‌तास मोजून दाखवले की, घास गिळलेला नसतानाही ही झडप अधूनमधून आपणहून सैल पडते आणि दहा सेकंदांहून अधिक काळ उघडी राहते. आम्ल वर येण्याचे बहुतेक प्रसंग त्याच वेळी घडतात. अशी सोय शरीराने ठेवली आहे ती ढेकरेसाठी. जेवताना गिळलेली हवा जठराच्या वरच्या भागात साठते, तो भाग ताणला गेला की तिथून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जाऊन परततो, झडप उघडते आणि हवा बाहेर पडते. केवळ हवा बाहेर पडली तर कोणाचीच तक्रार नसते. तिच्याबरोबर आम्ल वर आले की त्रास सुरू होतो. जठर जितके तुडुंब, तितका वरचा भाग ताणलेला आणि तितक्या वेळा झडप उघडणार. दिवसभर डब्यावर आणि चहा-बिस्किटांवर काढून रात्री एकदाच पोटभर जेवणाऱ्याला रात्रीच त्रास का होतो, याचे उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची आहे. जेवल्यावर अन्न आम्लात मिसळते आणि त्याची तीव्रता कमी होते, असे आपण धरून चालतो. जठराच्या मोठ्या भागात तसे होतेही. मात्र २००१ साली ग्लासगो येथील संशोधकांनी दाखवून दिले की, जेवणानंतर अगदी वरच्या टोकाला, झडपेच्या लगत, अन्नात न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा एक साठा तयार होतो. बाकी जठर सौम्य झालेले असताना नेमके दाराशीच तीव्र आम्ल तरंगत असते. म्हणून जळजळ भरल्या पोटी, जेवणानंतरच्या एक-दोन तासांत अधिक होते.

वर आलेले आम्ल किती वेळ तिथे राहते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. जागेपणी आपण उभे किंवा बसलेले असतो, त्यामुळे बरेचसे आम्ल आपोआप खाली उतरते. शिवाय आपण नकळत सारखी लाळ गिळत असतो आणि लाळेतील बायकार्बोनेट उरलेले आम्ल धुऊन काढते. झोपेत गिळणे क्वचितच होते, लाळ जवळजवळ थांबते आणि शरीर आडवे असल्याने उताराचाही उपयोग राहत नाही. दिवसा एक-दोन मिनिटांत निघून जाणारे आम्ल रात्री कितीतरी अधिक वेळ अन्ननलिकेत रेंगाळते. दहाला जेवून अकराला आडवे होणे म्हणजे जठर भरलेले, आम्लाचा साठा दाराशी आणि धुऊन काढणारी यंत्रणा बंद, असा तिहेरी योग आहे. मिरची-लोणचे सोडून फरक का पडला नाही, हे आता लक्षात येईल. आपली मुख्य अडचण पदार्थांत नसून वेळेत आहे.

रात्री उशिरा जेवू नका, हे सांगणे सोपे असले तरी लोकलच्या वेळापत्रकापुढे तो सल्ला टिकत नाही, याची मला कल्पना आहे. त्याऐवजी दिवसाचे मोठे जेवण दुपारी करावे, सकाळी नेलेल्या पोळी-भाजीचा एक भाग राखून ठेवून तो कार्यालयातून निघण्यापूर्वी सहा-साडेसहाला खावा, आणि घरी आल्यावर मुगाची पातळ खिचडी, ताकभात असे थोडेच खावे. शेवटचा घास आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे. तेवढे जमले नाही, तर निदान रात्रीचे जेवण हलके हवे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्याने मान आणि कंबर वाकते, पोट दाबले जाते आणि त्रास उलट वाढू शकतो. कुशीवर झोपायचे झाल्यास डाव्या कुशीवर झोपावे, कारण त्या स्थितीत जठराचा फुगीर भाग झडपेच्या खाली राहतो. उजव्या कुशीवर नेमके उलट होते.

वजनाविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण पोटाचा घेर वाढला असल्यास तो मोठा दोषी समजावा. पोटातील चरबीमुळे जठरावरचा दाब वाढतो. श्वासपटलाच्या छिद्रातून जठराचा थोडा भाग छातीत सरकतो त्याला हायटस हर्निया म्हणतात, आणि स्थूल व्यक्तींत तोही अधिक आढळतो. आतली झडप आणि बाहेरची पकड एकाच जागी राहिली नाही, तर दोन्ही दुबळ्या होतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतून २००६ साली असे दिसून आले की, ज्या स्त्रियांचा देहभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, बीएमआय) साडेतीनहून अधिक अंकांनी उतरला, त्यांच्यात वारंवार होणाऱ्या जळजळीचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे सुमारे नऊ किलो होतात. ते एका महिन्यात उतरणार नाहीत, पण कोणत्याही गोळीच्या जाहिरातीत एवढे आश्वासन नसते.

हे सारे करूनही आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा त्रास होत राहिला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चार ते आठ आठवडे आम्ल कमी करणारे औषध घ्यावे. चहाने फरक पडत नसेल, तर सकाळचा चहा अवश्य सुरू करावा.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील गृहिणी आहे. दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि श्रावणी सोमवार असे माझे उपास असतात. उपासाने पोटाला विश्रांती मिळते म्हणतात, पण मला त्याच दिवशी जास्त जळजळते. थंड दूध घेतले की तेवढ्यापुरते बरे वाटते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी नेमके काय खाऊ नये, याची यादी द्यावी.

उत्तर : आपल्या उपासाच्या ताटात काय असते, हे आपण लिहिलेले नाही, पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्या प्रदेशात जन्मली तिथे त्याचा अंदाज बांधणे अवघड नाही. साबुदाण्याची खिचडी, वरून दाण्याची आमटी, तळलेले बटाट्याचे पापड, संध्याकाळी रताळ्याच्या तुपातल्या फोडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, आणि त्याला जोड मिळते ती शेंगदाण्याच्या कुटाची आणि तुपाची. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि झडप सैल पडण्याचे प्रसंग वाढतात. त्यात सकाळपासून काही न खाता दुपारी एकदम भरपूर खाल्ले, की आधीच्या उत्तरात वर्णन केलेली सगळी परिस्थिती एकाच ताटात जमून येते. उपास सोडावेत असे मी म्हणणार नाही. वरईचा भात, राजगिऱ्याची लाही दुधात किंवा ताकात, उकडलेले रताळे, केळे, असे थोडे थोडे दिवसातून तीन-चार वेळा घेतले आणि दाण्याचा कूट हात राखून घातला, तर उपासही होईल आणि रात्रही बरी जाईल.

थंड दुधाचा अनुभव पुष्कळांना येतो. दूध काही वेळ आम्लाची तीव्रता कमी करते, परंतु त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठर नंतर अधिक आम्ल स्रवते. अर्धा पेला दूध घेऊन बरे वाटत असेल तर हरकत नाही, मात्र रात्री झोपताना मोठा पेलाभर दूध पिण्याची सवय या त्रासात उपयोगाची नाही.

यादी देण्याचे मी मुद्दाम टाळतो. दवाखान्यांतून मिळणाऱ्या छापील याद्यांत वांगे, तूरडाळ, टोमॅटो, लिंबू, दही, आंबवलेले पदार्थ, सगळेच वर्ज्य असते. त्या अक्षरशः पाळणारे रुग्ण दोन महिन्यांत अशक्त होऊन येतात आणि जळजळ तशीच असते. तळलेले आणि अतिस्निग्ध पदार्थ, मद्य, चॉकलेट, पुदिन्याच्या तेलाच्या गोळ्या, फसफसणारी शीतपेये यांनी त्रास वाढू शकतो, असे मानायला शरीरक्रियेतील कारणे आहेत. मिरचीचे थोडे वेगळे आहे. मिरचीतील कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते, आणि आम्लाने ती टोके आधीच हळवी झालेली असतील तर तिखटाने आग अधिक जाणवते. आपल्यापुरते उत्तर शोधण्याचा मार्ग एकच : तीन आठवडे वहीत खाल्लेले पदार्थ, वेळ आणि त्रास लिहून ठेवावा. जो पदार्थ तीनदा खाल्ल्यावर तीनदा त्रास झाला, तेवढाच बाजूला काढावा. तंबाखू आणि मिश्री यांना मात्र ही सवलत नाही. निकोटीन झडप सैल करते, आणि ते मिश्रीतून गेले काय किंवा विडीतून, फरक पडत नाही.

प्रश्न : मी सातारा येथील निवृत्त शिक्षक, वय ६७. सहा वर्षे रोज सकाळी चहा-नाश्त्यानंतर पँटोप्राझोलची ४० मिलिग्रॅमची गोळी घेतो. बंद केली की चार दिवसांत दुप्पट त्रास होतो, म्हणून पुन्हा सुरू करतो. या गोळीने मूत्रपिंड निकामी होते, असे एका संदेशात वाचले. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू आहे आणि गुडघेदुखीसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळी घेतो.

उत्तर : गुरुजी, प्रथम वेळेविषयी. जठराच्या भिंतीतील काही पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधे त्या पंपांना बंद पाडतात. मात्र जो पंप त्या वेळी चालू असतो, त्यालाच ती बंद पाडू शकतात. पंप चालू होतात ते अन्न पोटात गेल्यावर, आणि ही औषधे रक्तात फार तास टिकत नाहीत. म्हणून गोळी नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. नाश्त्यानंतर घेतलेल्या गोळीचा बराचसा परिणाम वाया जातो. औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्यांपैकी कितीजण हे समजावून सांगतात, हा वेगळा विषय आहे.

बंद केल्यावर होणारा त्रास खरा आहे, पण त्यावरून आजार बळावला असे समजू नये. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले की शरीर ते भरून काढण्यासाठी गॅस्ट्रिन वाढवते आणि आम्ल निर्माण करणारी यंत्रणा सज्ज ठेवते. औषध एकदम थांबवले की काही आठवडे पूर्वीपेक्षाही अधिक आम्ल स्रवते. डेन्मार्कमधील एका प्रयोगात, २००९ साली, ज्यांना कधीही जळजळ होत नव्हती अशा निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे या वर्गातील औषध देऊन ते थांबवण्यात आले. त्यांपैकी ४४ टक्के लोकांना नंतर पचनाचा त्रास झाला, तर तुलनेसाठी औषध नसलेली बनावट गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. तेव्हा औषध थांबवायचेच असेल तर मात्रा ४० वरून २० मिलिग्रॅमवर आणून काही आठवडे, नंतर एक दिवसाआड, असे डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावे. मधल्या काळात जळजळ झाली तर अल्जिनेटयुक्त पातळ औषध जेवणानंतर घेता येते. ते आम्लाच्या त्या वरच्या साठ्यावर तरंगता थर धरते.

मूत्रपिंडाच्या भीतीविषयी दोन्ही बाजू सांगायला हव्यात. या औषधांमुळे क्वचित मूत्रपिंडाला सूज येते, हे खरे आहे. अस्थिभंग, स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचा जुनाट आजार यांच्याशी जोडलेला संबंध मुख्यतः निरीक्षणांतून पुढे आला आणि अशा निरीक्षणांत आधीच आजारी असलेले लोकच ही औषधे अधिक घेत असतात. पँटोप्राझोल आणि बनावट गोळी यांची सुमारे तीन वर्षे तुलना करणारा, सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील एक मोठा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आतड्यांचे जंतुसंसर्ग थोडे अधिक आढळले, बाकी अपायांत ठळक फरक दिसला नाही. सहा वर्षांनंतर रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन एकदा तपासून घेणे शहाणपणाचे आहे. ज्यांच्या अन्ननलिकेत खोल व्रण आढळले आहेत, किंवा ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर जठराच्या संरक्षणासाठी ही गोळी दिली आहे, त्यांनी कोणताही संदेश वाचून ती थांबवू नये.

आता आपल्या इतर गोळ्या. अॅम्लोडिपिनच्या वर्गातील औषधे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतात, तसाच काही प्रमाणात अन्ननलिकेच्या झडपेचा स्नायूही. रक्तदाबासाठी दुसरा पर्याय आहे का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, स्वतः बदल करू नका. वेदनाशामक गोळ्यांचा धोका अधिक गंभीर आहे, कारण त्या जठराचे संरक्षक अस्तरच दुबळे करतात आणि आपल्या वयात त्यांमुळे रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडाला अपाय करण्याच्या बाबतीतही माझे बोट आधी त्यांच्याकडेच जाईल. कोणतीही गोळी बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घेण्याची गोळी किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक अन्ननलिकेत अडकले तर तिथे व्रण पडतो, आणि रुग्ण त्यालाही पित्तच समजतो.

प्रश्न : माझ्या मुलीला सातवा महिना आहे. तिला आयुष्यात कधी पित्त झाले नव्हते, आता रोज जळजळ होते. शेजारच्या बायका म्हणतात की बाळाला भरपूर जावळ असल्याची ती खूण आहे. सोडा दिला तर चालेल का?

उत्तर : गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते आणि वाढते गर्भाशय जठराला वर ढकलते. जवळपास निम्म्या किंवा अधिक गर्भवतींना हा त्रास होतो, आणि बाळंतपणानंतर तो सहसा आपोआप जातो. खाण्याचा सोडा देऊ नये, त्यातील सोडियमने सूज आणि रक्तदाब वाढण्याची भीती असते. थोडे थोडे खाणे, डावी कूस, उशाकडची बाजू उंच करणे आणि गरज भासल्यास प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने कॅल्शियम कार्बोनेट किंवा अल्जिनेट एवढ्यावर बहुतेकींचे भागते. मात्र बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मध्ये दुखणे, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही असेल, तर ते पित्त समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा. जावळ किती असेल ते बाळ आल्यावर पाहावे.

प्रश्न : आमच्या नात्यातील एका गृहस्थांना रात्री छातीत जळजळ झाली. त्यांनी गॅस समजून सोडा घेतला, ढेकर आली, बरे वाटले आणि ते झोपले. पहाटे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मलाही अधूनमधून जळजळ होते. पित्त कोणते आणि हृदयविकार कोणता, हे घरी कसे ओळखावे?

उत्तर : निश्चितपणे ओळखता येत नाही, हेच प्रामाणिक उत्तर आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदनेचे मज्जामार्ग पाठीच्या कण्याच्या साधारण त्याच भागात पोहोचतात, त्यामुळे मेंदूलाही दोहोंत गल्लत होते. ढेकर आल्याने किंवा सोड्याने बरे वाटले, म्हणून हृदयविकार नव्हता असे सिद्ध होत नाही. हा गैरसमज महाराष्ट्रातील घराघरांत आहे आणि तो जीव घेतो.

जळजळ जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर होते, तोंडात आंबट पाणी येते आणि हे वर्षानुवर्षे तसेच चालू आहे, तर ती आम्लाची असण्याचा संभव अधिक. छातीत दडपण किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, जिना चढताना त्रास होऊन थांबल्यावर ओसरणे ही हृदयाची लक्षणे मानावीत. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात मात्र हृदयविकार नुसत्या अस्वस्थतेने किंवा पोटाच्या वरच्या भागातील जळजळीने प्रकट होऊ शकतो. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही असलेल्या माणसाला पहिल्यांदाच किंवा नेहमीपेक्षा वेगळी जळजळ झाली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजी काढावा. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टरांनी थांबायला सांगितल्यास थांबावे, कारण काही वेळा बदल नंतर दिसतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे ट्रोपोनिन पुन्हा तपासावे लागते. अखेर पित्तच निघाले, तर एक रात्र वाया गेली म्हणून कोणी हसणार नाही. हसले तर हसू द्यावे.

प्रश्न : माझे वय २९. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी. दोन वर्षे जळजळ आणि सततच्या ढेकरा. एंडोस्कोपी पूर्ण नॉर्मल आली, गोळ्यांनी थोडाच फरक पडतो. 'तुम्हाला काही झालेले नाही, ताण घेऊ नका' असे सांगून मला परत पाठवले. मग मला होते ते काय?

उत्तर : एंडोस्कोपी अन्ननलिकेच्या अस्तरावरील जखम दाखवते, वर येणारे आम्ल दाखवत नाही. आम्लाचा त्रास असणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांची दुर्बीण तपासणी नॉर्मल असते. आपल्याला पुढची तपासणी हवी. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत ठेवून चोवीस तास आम्लाची नोंद घेतली जाते, आणि रुग्णाने त्रास झाला की कमरेला लावलेल्या यंत्राचे बटण दाबायचे असते. त्या दिवशी ऑफिसला जावे आणि नेहमीचे जेवावे, अन्यथा तपासणीला अर्थ राहत नाही. अन्ननलिका चोवीस तासांपैकी ४ टक्क्यांहून कमी वेळ, म्हणजे तासाभराच्या आत, आम्लात असेल तर ते प्रमाण सामान्य समजतात. ६ टक्क्यांच्या पुढे आजार निश्चित होतो. काही रुग्णांत आम्ल सामान्य प्रमाणातच वर येते, पण त्यांची अन्ननलिका इतकी हळवी झालेली असते की प्रत्येक थेंब जाणवतो. आणखी काहींत जळजळीचा आम्लाशी संबंधच आढळत नाही. या दोन्ही गटांना आम्लाच्या गोळ्यांचा डोस दुप्पट करून फारसे साधत नाही. मज्जातंतूंची संवेदनशीलता कमी करणारी, अल्प मात्रेतील नैराश्यविरोधी औषधे त्यांना उपयोगी पडतात. ती दिली म्हणजे वेड ठरवले, असा अर्थ काढू नये.

सततच्या ढेकरांपैकी पुष्कळशा ढेकरांची हवा जठरापर्यंत पोहोचलेलीच नसते. अन्ननलिकेत नकळत ओढलेली हवा लगेच बाहेर टाकण्याची ती एक सवय असते, आणि म्हणूनच ती झोपेत थांबते. पोटाने श्वास घेण्याचा सराव जेवणानंतर दहा मिनिटे केला, तर ती हळूहळू सुटते. त्याने श्वासपटलाची पकडही सुधारते.

प्रश्न : वय ५८, शेती. दहा वर्षे पित्ताचा त्रास होता. तो गेल्या चार महिन्यांत बराच कमी झाला, पण आता भाकरीचा घास छातीत अटकतो आणि पाण्याने ढकलावा लागतो. भात जातो. वजन सहा-सात किलोंनी उतरले आहे. तंबाखू तरुणपणापासून. एखादा घरगुती उपाय सुचवावा.

उत्तर : यावर घरगुती उपाय नाही, आणि जळजळ कमी झाली याचे समाधान मानू नये. दीर्घकाळच्या आम्लाने अन्ननलिका आकसते, तेव्हाही घास अटकतो. झडप उघडेनाशी होण्याचा एक आजार असतो, त्यात न पचलेले अन्न परत तोंडात येते आणि पुष्कळदा ते वर्षभर पित्त म्हणून अंगावर काढले जाते. तंबाखूच्या व्यसनात, या वयात आणि इतके वजन उतरले असताना कर्करोग आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे लागते. घास अटकणे, गिळताना दुखणे, विनाकारण वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्ताल्पता यांपैकी एकही लक्षण असेल तर गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ घालवायचा नसतो. आपण याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन एंडोस्कोपी करून घ्यावी. आदल्या रात्रीपासून काही खाऊ नये, चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत आणि घरातील एक माणूस सोबत घ्यावा. केसपेपर काढतानाच 'घास अटकतो, वजन उतरले' हे दोन्ही शब्दशः सांगावे. नुसते 'पित्त आहे' असे सांगितल्यास पुन्हा गोळीच मिळण्याची शक्यता आहे.